बहिणीच्या नावावरचा घोडा

साडू नवी गाडी मिरवून परत गेला, पण काचमास्तरांच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. मंडळी, हे दुखणं तुमच्याआमच्या ओळखीचंच आहे. परक्याचं भलं झालं तर आपण हसतमुखानं अभिनंदन करून मोकळे होतो. नात्यातल्याचं झालं की घास घशाखाली उतरत नाही.

काचमास्तर म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारे. माणूस हाताचा पक्का, मनाचा मात्र कच्चा. साडू सीमेपलीकडच्या देशात गोदामात नोकरीला होता. तिकडे घोड्यांच्या शर्यतींवर फोनवरून पैसे लावायला मुभा होती. "ही गाडी मला घोड्यांनी दिली बरं का," असं तो मोठ्या तोऱ्यात सांगून गेला.

"नशीब काढलं ताईनं," बायको भांडी पुसता पुसता म्हणाली.

"म्हणजे तुझं फुटकं निघालं, असंच ना?"

"मी असं म्हटलं का? तुमच्या मनातलं माझ्या तोंडात घालू नका."

पण मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. साडू ज्या कंपनीमार्फत पैसे लावायचा त्याच कंपनीत त्यांनी खातं उघडायला घेतलं, तर फोनवर उत्तर आलं, तुमच्या देशातून खातं उघडता येणार नाही. झालं! साडूला दार उघडं आणि आपल्या तोंडावर बंद. मास्तरांना वाटलं, हा नियम खास आपल्यालाच हिणवायला केलाय.

मग त्यांना आठवली धाकटी बहीण. ती तिकडेच एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची. तिचा तिथे राहण्याचा परवाना कायम व्हायच्या बेतात होता. तो झाला की ती आईला तिकडे नेऊन तिच्या गुडघ्यांवर उपचार करणार होती. मास्तरांनी तिला फोन करून थाप मारली, "मला शर्यती नुसत्या बघायच्यात गं, खातं तेवढं तुझ्या नावानं उघड." भाऊ कधी नव्हे ते काही मागतोय म्हणून तिनं कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवला आणि खातं उघडून दिलं.

खात्यात शिरताना मात्र दर वेळी तिच्या फोनवर ओटीपी यायचा. त्यामुळे मास्तर रोज दुपारी दुकानातून तिला फोन करू लागले. "जेवलीस का? तब्येत बरी आहे ना?" एवढं झालं की, "बरं, तो ओटीपी सांग."

खेळताना ते हरत होतेच. हरले की त्यांना साडूचा आणखी राग यायचा. आणि मग एके दिवशी घोडा लागला, भलताच लागला! खरं सांगायचं तर पैशाचा आनंद नंतर झाला, आधी डोळ्यांसमोर आलं ते साडूचं पडलेलं तोंड. मास्तरांनी लगेच त्याला जिंकलेल्या रकमेचा फोटो पाठवला. साडूनं नुसता अंगठा धाडला. मास्तर दिवसभर त्या अंगठ्यावर धुमसत राहिले.

त्याच आठवड्यात खातं गोठलं. नाव सीमेपलीकडचं आणि फोन अलीकडचा, हे कंपनीच्या लक्षात आलं होतं. पैसे हवे असतील तर खातेदारानं स्वतः हजर व्हावं आणि हे खातं मीच इथून वापरलं, असं लिहून द्यावं, असा निरोप आला. मास्तरांनी बहिणीला काय लिहून द्यायचं तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "शर्यती बघायलाही एवढी भानगड? बरं, तू म्हणतोस तर देते लिहून, दादा. उद्या रजा टाकते."

त्या दिवशी मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात दुसऱ्याच्या नंबरच्या काचा बसवल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दुकानाची मालकीण, डोळे तपासणाऱ्या बाई, त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि त्यांच्या तोंडून सगळं वदवून घेतलं.

"मास्तर, सकाळी त्या माणसाला दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा दिलात. तो जिन्यावरून पडला असता तर?"

"चुकलंच, बाई."

"आणि स्वतः महिनाभर बहिणीच्या नावाचा चष्मा घालून फिरताय. पडणार कोण? ती. तिनं खोटं लिहून दिलेलं उघड झालं की परवाना गेला, नोकरी गेली, आईचे उपचार राहिले."

"पण साडूला चालतं ते मला का नाही? सीमेनं माणूस बदलतो का?"

"माणूस नाही बदलत, त्याच्या वतीनं जाब विचारणारा बदलतो. तिथे कुणी फसलं, बुडलं तर तिथलं सरकार बघतं. तुमच्यासाठी तिथे कोण उभं राहील? म्हणून ते दार बंद. आणि काय हो, साडूंनी जिंकल्याचं सांगितलं. हरल्याचं कधी सांगितलं का?"

साडूकडे बघता बघता आपण बहिणीकडे पाहिलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"रजा टाकू नकोस. मी तुला फसवलं. मी शर्यती बघत नव्हतो, पैसे लावत होतो. कंपनीला खरं काय ते मीच लिहून कळवतो. पैसे गेले तर जाऊ देत."

ती म्हणाली, "म्हणजे तू रोज फोन करायचास, तो ओटीपीसाठी? मला वाटलं, तुला माझी आठवण येते."

मास्तरांनी फोन ठेवला आणि कंपनीला पत्र लिहायला घेतलं.

पत्र गेलं, खातं बंद झालं, जिंकलेलं सगळं गेलं. बहिणीला ताकीद मिळाली, पण परवाना वाचला. पुढे साडूनं नवीन काहीतरी घेतल्याचं कळलं तेव्हा मास्तरांच्या पोटात पुन्हा थोडं दुखलंच, खोटं कशाला सांगा! पण ते तिथेच जिरलं.

मंडळी, मत्सराला दुसऱ्याचं ताट तेवढं दिसतं, आपल्या ताटात कोण वाढतंय ते दिसत नाही. आणि विश्वासानं दिलेलं नाव ही आपल्या माणसाची अब्रू असते, ती जुगारावर लावायची नसते.

पत्र गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी मास्तरांनी बहिणीला फोन केला होता.

"आता कसला ओटीपी हवाय?" तिनं विचारलं.

"कसलाच नाही," मास्तर म्हणाले. "जेवलीस का?"