दोन खुंट, दोन खिलार

इरशादने शंभूचा मागचा पाय उचलला, खुराला ओली काव फासली आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली.

थप.

पांढऱ्या कोब्यावर पहिला तांबडा ठसा.

मग जागा. मग आणखी जागा. मग–

थप.

"लांब पडला!" डॉक्टर तेजश्री ओरडलीच. टेप घेऊन ती गुडघ्यांवर बसली. पंधरवड्यापूर्वी हाच बैल पाय ओढत आला होता. तेव्हा ठसे एकमेकांना चिकटून, फरपटलेले उमटले होते. आता दोन ठशांमध्ये कुत्रं आडवं झोपू शकलं असतं.

"इरशादभाई, आता दुसरा! पटकन, काव वाळायच्या आत!"

न्हावरे फाट्याजवळच्या या दवाखान्यात दूध संघानं लेसरचं यंत्र परीक्षेला आणवलं होतं. त्याचा प्रकाश दुखऱ्या सांध्यावर धरला की दुखणं हटतं, असं कंपनी म्हणे. म्हाताऱ्या जनावरांना दुखणं मारायच्या सुया सोसत नव्हत्या. सांध्याला हात लावला की बैल नुसता डोळे मिटून घेई, आणि तेजश्रीला ते बघवत नसे. यंत्र खरंच चालत असेल तर संघ ते ठेवून घेणार होता. नसेल तर ते उद्या परत. निकाल तिनं द्यायचा.

परीक्षा तिनं चोख आखली होती. प्रत्येक जोडीत एका गावची, सारख्या दुखण्याची दोन जनावरं. डाव्या खुंटाला बांधलेल्याला यंत्राच्या एका दांडीचा प्रकाश, उजव्याला दुसरीचा. लाल ठिपका दोन्ही दांड्यांतून पडे, पण खरी एकच. दुसरी नुसती दिखाऊ. कुठली खरी, ते फक्त कंपनीच्या माणसाला ठाऊक. प्रकाश इरशाद द्यायचा. आपलं मन आपल्यालाच फसवेल म्हणून त्या वेळी तेजश्री गोठ्याकडे फिरकतही नसे. ती ठसे तेवढे मोजायची.

आतापर्यंतच्या सगळ्या जोड्यांत दोन्ही जनावरं सारखीच सुधारली होती.

म्हणजे खऱ्यात आणि खोट्यात फरक नाही.

म्हणजे गुण नुसत्या विश्रांतीचा.

म्हणजे–

ही शेवटची जोडी होती.

इमामचाचांचा सोन्या निघाला. शंभूचा पाठचा भाऊ, तसाच पांढराशुभ्र खिलार.

थप.

याचा ठसा जवळ पडू दे, तेजश्री मनात म्हणाली, आणि बैलाबद्दल असं मागितल्याची तिला लाजही वाटली.

थप. लांब. शंभूइतकाच लांब.

"आरं वा रं माझ्या वाघा!" इमामचाचांनी टोपी काढून सोन्याच्या शिंगात अडकवली.

"तुमच्या सोन्याला इशकाची हवा लागली जणू," भिमाजीआबा म्हणाले. शंभू त्यांचा.

"तुमचा बी काय कमी न्हाई. म्हातारपणी नवरदेवावानी चालतोय!"

तेजश्रीनं टेप गुंडाळून ठेवला.

"आबा, चाचा, यंत्राचा काही उपयोग नाही. उद्या परत पाठवते."

मग भिमाजीआबांनी कोब्याकडे बोट केलं.

"उपेग न्हाई? मग हे काय हाय?"

"दोघं सारखेच बरे झालेत ना. एकाच खुंटाला खरा प्रकाश होता. एकच बरा व्हायला हवा होता."

"एकच कसा हुईल?" इमामचाचांना खरंच नवल वाटलं. "आमी रोज खुंट बदलत हुतो की."

"काय?"

"आवं म्याडम," आबा समजावू लागले, "प्रकाशाखाली हात धरला तवाच कळलं. एक दांडी हाताला ऊब देती, दुसरी गारच. आन् आमची सावड. बैल त्याचा एक, माझा एक, औत दोघांचं. एकाच जुवाखालची जनावरं. एकाला शेकायचं आन् दुसऱ्याला दावायचं व्हय? आज ह्याला, उद्या त्याला."

तेजश्री इरशादकडे वळली.

"मी खुंट बघतो, म्याडम," इरशाद पुरता गडबडला होता. "डोळ्यांवर काळा चष्मा, बैलांच्या तोंडावर फडकं. दोघं पांढरे. कोण कुठला, काय कळतंय?"

"आन् आमी काय नवीन न्हाई केलं," इमामचाचा म्हणाले. "हितंच जनावर आननाऱ्या धुरपदाबाईनं तळेगावच्या बाजारात सांगितलं, ती बी तसंच करती म्हणून. समदीच करत्यात."

समदीच.

तेजश्री त्या शब्दावर थांबली. मग कपाळावर हात मारला. मग हसायला लागली. हसता हसता कावेत बसली, उठली, तांबड्या हातानं फोन काढला. पलीकडे संघाचे अध्यक्ष.

"साहेब, यंत्र परत पाठवत नाही मी!"

"चालतं म्हणता?"

"माहीत नाही! अजून माहीतच नाही, साहेब!"

हे ती अशा आनंदानं म्हणाली की पलीकडून अभिनंदन झालं.

नवी परीक्षा सोमवारी सुरू झाली. दिखाऊ दांडीही आता ऊब देत होती. कंपनीनं तेवढी सोय केली. या वेळी तेजश्रीनं एका गावचे दोघे घेतलेच नाहीत. पहिल्या जोडीतला एक बैल शिक्रापूरच्या विक्रमचा, दुसरा दौंडकडच्या चांगदेवमामांचा. मालकांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आणि खुंटांवर विसंबायचं नाही, हे तर ठरलंच होतं. निळा रंग दिलेल्या शिंगांच्या बैलाला पहिली दांडी, बिनरंगाच्याला दुसरी. रंग काही रात्रीत बदलता येत नाही.

ती खिडकीशी उभी राहिली. अंगणात इरशादनं विक्रमच्या बैलाची दोन्ही शिंगं निळी केली, डबा खाली ठेवला आणि हात धुवायला नळाकडे गेला.

चांगदेवमामा निळ्या शिंगांकडे बघत होते. मग स्वतःच्या बैलाकडे. त्याच्या शिंगांवरून त्यांनी हात फिरवला.

"पावनं," विक्रम डबा उचलत म्हणाला, "ह्यानं काय पाप केलंय?"

"तेच म्हणतोय मी," मामा म्हणाले, आणि बैलाची मान धरून शिंग त्याच्यापुढे केलं.

"ओ मामा–" तेजश्री अनवाणीच धावली.