रेघ झिजलेला नकाशा

बोलतोय तो मी, चौथीच्या वर्गातला नकाशा. कापडावर डकवलेला, वर-खाली काळ्या दांड्या. वय विचारू नका. माझ्यावरचे निम्मे देश आता हयात नाहीत.

बाईंनी मला तीस वर्षं सांभाळलं. कुठं लढाई संपली, की त्या खळ शिजवायच्या आणि माझ्यावर रंगीत कागदाचं ठिगळ लावायच्या. एका क्रांतीने शेजारच्या राजधानीचं नाव बदललं, चार वर्षांनी दुसऱ्या क्रांतीने तेही खोडायला लावलं. एकीकडे प्रार्थना कशी करायची यावरून वाद पेटला आणि एका देशाचे दोन झाले. मला रोज टांगणारा शिपाईदादा म्हणायचा, "बाई, आता याचा मूळ सदरा दिसतच नाही, नुसती ठिगळं!" बाई हसायच्या.

मग लढाई आमच्याच दारात आली. ती थांबल्यावर सीमा आखायला एक साहेब आला. दोन प्रांतांची जुनी हद्द हीच आता दोन देशांची सीमा, असं वर ठरलं होतं. कचेरीतले कागद जळाले होते. हद्द दाखवणारा मीच काय तो उरलो होतो.

साहेबाने भिंग लावलं. हद्दीची रेघ आमच्या गावापर्यंत आली आणि एका भोकात शिरली.

"हे काय?"

"पोरं, साहेब," बाई म्हणाल्या. "'आपलं गाव दाखवा' म्हटलं की प्रत्येकाचं बोट तिथंच. झिजलं बिचारं."

"मग रेघ पुढे कशी जायची?"

रेघ नदीवरूनच जायची, मला पक्कं माहीत. पण बाईंची लेक नदीपलीकडच्या गावी दिलेली आणि तिचे दिवस भरत आलेले. खरं सांगावं तर लेक परदेशात जाणार. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून बजावणाऱ्या बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. माझी दांडी धरून उभा असलेला शिपाईदादाही बोलला नाही.

"आठवत नाही," बाई शेवटी म्हणाल्या. खरं सांगतो, फाटका असल्याचं मला तेव्हा बरं वाटलं.

साहेबाने घड्याळ पाहिलं, पट्टी ठेवली आणि भोकाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ मारून टाकली.

नदी काही पट्टीने वाहत नाही. एका वळणावर लेकीचं गाव आमच्याकडे आलं, पुढच्या वळणावर आमच्याच काठची एक वस्ती तिकडे गेली. तिथं शिपाईदादाची आई राहायची. बाईंनी नातीला मांडीवर घेतलं. दादाची आई वारली, ते त्याला अकरा दिवसांनी कळलं. वस्ती दोन कोसांवर, पण निरोप परदेशी टपालाने आला.

परवा नवा छापील नकाशा आला. मला उतरवताना बाईंना राहवलं नाही.

"दादा, रेघ नदीवरूनच होती. मला ठाऊक होतं हो."

दादा मला गुंडाळत होता. ठिगळं चुरगळू नयेत म्हणून हात सावकाश चालत होता.

"मलाही ठाऊक होतं, बाई. रोज मीच टांगायचो ना? म्हटलं, पोर अवघडलेली, तिला आई जवळ हवी."

बाईंनी पुढे होऊन माझी दुसरी दांडी धरली.

मी आता अडगळीत जाईन, त्याचं काही नाही. नव्या नकाशाला एवढंच सांगणं आहे: बाबा रे, तुझ्यावर कुठलीही रेघ येवो, तुला टांगणाऱ्या या माणसाला जप.