पायाळू

“मान किंचित डावीकडे, मॅडम. आणि चेहरा जरा… प्रसन्न.”

तिने मान डावीकडे केली. प्रसन्नता कुठून आणायची ते तिला कळेना. दिव्यांचा उजेड तोंडावर येत होता आणि त्यापलीकडची माणसं नुसते आवाज झाली होती. पाठीमागे पुस्तकांचं एक कपाट आणून ठेवलेलं होतं. याच वर्गात ती दोन वर्षं शिकली होती आणि त्या दोन वर्षांत इथे कपाट कधी नव्हतं.

“प्रश्न तोच,” प्रसिद्धी विभागाची बाई अंधारातून म्हणाली. “करिअर बदलताना तुम्ही एमबीएसाठी हीच संस्था का निवडलीत? थोडक्यात, पण मनापासून.”

“मनापासून म्हणजे किती?”

कॅमेरावाला हसला. बाईने घड्याळ पाहिलं.

तिच्याआधी या खुर्चीत जहाजावरचा एक इंजिनियर बसून गेला होता. बाहेरच्या बाकावर बसून तिने त्याचं बोलणं ऐकलं होतं. त्याची दृष्टी रुंदावली होती, नेतृत्वाचे गुण विकसित झाले होते. समुद्राचं त्याने नावही काढलं नाही. सकाळी तिच्याही हातात चार ओळींचा एक कागद दिला गेला होता. त्यात दृष्टी होती, नेतृत्व होतं. फक्त इंजिनियरच्या जागी परिचारिका होती.

कोटाच्या खिशातला फोन तिने बंद केला होता. सकाळचं बोलणं मात्र बंद होत नव्हतं.

“अगं पायाळू, राजीनामा लिहून तयार ठेवलाय मी,” पलीकडून तिची वॉर्डातली मैत्रीण, वकीलीण, म्हणाली होती. “तुझ्याच शाळेत अर्ज भरलाय. सासूबाई म्हणतात, गुडघे दुखायच्या वयात दप्तर कसलं घेतेस? म्हटलं, गुडघे दुखतात म्हणून तर बसायचं काम शोधतेय!”

“एवढी घाई काय आहे?”

“घाई? त्या वॉर्डात राहिलंय काय आता? चौकोनात खुणा करायला मी नर्स झाले होय? तू हो म्हण, मी राजीनामा देते. नको म्हण, आत्ता फाडते. दोन खोल्यांचं घर, नवऱ्याची हंगामी नोकरी, पोरगी बारावीला. एकदा उडी मारली की परत काठ नाही बघ मला.”

“संध्याकाळी सांगते.”

“आज तुझं ते चित्रण आहे ना? खरं खरं बोल हो तिथे. तुला तोंडावर नाही म्हणता येत नाही, हे मला माहितीये. मी ते बघूनच काय ते ठरवीन.”

वकीलीण तिला बरोबर ओळखत होती.

चौदा वर्षं त्या दोघी एकाच वॉर्डात होत्या. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक खाटेपाशी घेऊन जाई. याला त्या ओव्हर देणं म्हणत. औषधं, सलाईन, ताप हे सगळं कागदावर असेच. पण जे कागदावर मावत नाही ते त्या चालण्यात सांगितलं जाई. या आजोबांना अंधाराची भीती वाटते, पण ते कबूल करत नाहीत. ही मुलगी दुखत असलं की जास्त हसते. सांगता सांगता ती पायथ्याशी थांबे आणि पांघरुणाखाली हात घालून प्रत्येकाच्या पावलावर तळवा ठेवी. गार पाऊल यंत्राच्या आधी बोलतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. “पाय गरम आहेत,” ती म्हणे आणि मग पुढची खाट.

“ही जन्माने नाही, ड्यूटीने पायाळू आहे,” असं एकदा वकीलीण म्हणाली आणि ते नाव तिला चिकटलं. वकीलिणीचं नाव तर तिच्या जिभेनेच तिला मिळवून दिलं होतं. भेटीची वेळ संपल्यावर फाटकावरचा पहारेकरी नातेवाइकांना हुसकावून लावी, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राही. “ह्यांना राहू द्या. का? कारण आज पेशंटला एकटं ठेवायचं नाही. नियम? नियम तुमच्या खुंटीला टांगा, सकाळी परत घाला.” कुणाला बसू द्यायचं आणि कुणाला नाही, हे तिला एका नजरेत कळे. ज्याला बसू दिलं त्याच्यासाठी ती स्वतः स्टूल उचलून आणी.

अशा माणसांतून ती उठून इकडे आली होती. का?

तिने तीन संस्थांत मुलाखती दिल्या होत्या. एकीत विचारलं, आकडे झेपतील का? दुसरीत विचारलं, घर सांभाळून जमेल का? तिसरी ही. इथे खिडकीकडे पाठ करून एक वृद्ध प्राध्यापक बसले होते. विद्यार्थी त्यांना कानसेन म्हणत, हे तिला पुढे कळलं. त्यांनी तिचा अर्ज बाजूला सारला आणि म्हणाले, “तुम्ही काम काय करता, ते सांगा.”

तिने दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, “मग?”

तिने आणखी सांगितलं. ते मान कलती करून ऐकत राहिले. “मग?”

त्या एका शब्दाने तिच्या आतली कित्येक वर्षं मिटलेली दारं एकामागून एक उघडत गेली. खाटा, अंधार, हसणारी मुलगी, पांघरुणाखालची पावलं. आपण जगलो ते कुणाला ऐकण्याजोगं वाटेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. मुलाखत संपल्यावर ती जिन्यातच बसली आणि पुष्कळ वेळ रडली.

त्या संध्याकाळी नवरा, शाळेतला चित्रकलेचा शिक्षक, मुलांच्या वह्या तपासत होता. ती म्हणाली, “त्यांनी मला विचारलं.”

“काय विचारलं?”

“मी काय करते ते.”

त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली. “मीही विचारलं असतं गं,” तो म्हणाला, “पण तू घरी येतेस ती झोपायलाच.”

त्याचंही खरं होतं. तिने तीच संस्था निवडली.

दुसऱ्या वर्षी कानसेनांनी वर्गात एक प्रकरण अभ्यासाला दिलं. एका रुग्णालयातला एक वॉर्ड, नावगाव काही नाही. पाळी बदलताना जाणारी आणि येणारी परिचारिका अर्धा तास एकत्र असतात. एका कामाला दोन माणसं. या वेळेचं काय करावं? तिने वाचलं, आणि ओळीओळीतून तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. खिडकीजवळची खाटसुद्धा तिथेच होती. मुलाखतीत सांगितलेलं सगळं होतं. फक्त तळवा आणि पाऊल यांचा उल्लेख ‘अनौपचारिक निरीक्षण’ असा केला होता.

तिने तेव्हाच उठून निघून जायला हवं होतं. पण तिच्या गटातला प्रत्येक जण तिच्या तोंडाकडे पाहत होता, कारण वॉर्ड कुणालाच ठाऊक नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीला किंमत आली होती. आपल्याच घराचा नकाशा चोराला समजावून सांगताना एखाद्याला स्वतःच्या सुबक अक्षराचं कौतुक वाटावं, तसं तिने ते उत्तर मांडलं. प्रत्येक खाटेला संगणकाचा एक पडदा, पडद्यावर चौकोन, चौकोनात खुणा. दोघींनी एकत्र उभं राहायची गरज नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर परीक्षक म्हणून तिच्याच रुग्णालयाचे मालक बसलेले होते. वर्ष संपायच्या आत त्यांनी तिला नोकरी देऊ केली. वरच्या मजल्यावर, काचेची खोली.

ओव्हर द्यायची पद्धत बंद झाली, त्या आदेशाखाली सही तिची नव्हती. एवढं तिला जपून ठेवता आलं.

“कुणा मेल्याच्या सुपीक डोक्यातून निघालं कुणास ठाऊक!” चहाच्या टेबलाशी वकीलीण म्हणाली होती. “त्याला एकदा त्या खाटेवर निजवा नि सांगा, बाबा रे, आता तुझं दुखणं ह्या चौकोनात बसव.”

तिने साखरेचा डबा वकीलिणीपुढे सरकवला.

“मॅडम? घ्यायचं?” कॅमेरावाल्याने विचारलं.

तिने कागदावरचं वाक्य सुरू केलं. “परिचारिका म्हणून काम करताना माझी दृष्टी…” आणि ती थांबली. दाराशी कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. उजेडापलीकडचा चेहरा दिसत नसला तरी ती कलती मान तिने ओळखली.

“थांबू नका,” कानसेन म्हणाले. “कागद ठेवा तो. तुम्ही इथे का आलात?”

“चौदा वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, मी काय काम करते,” ती म्हणाली. “इथे विचारलं. आणि ऐकून घेतलं. म्हणून मी ही संस्था निवडली.”

“मग?”

मग तिने सगळं सांगितलं. समोर कॅमेरा नव्हता, वकीलीण होती, असं समजून ती बोलत गेली. तोंडावर जे कधीच बोलता आलं नसतं, ते त्या काचेच्या डोळ्याला सांगणं सोपं होतं. “मी सांगितलेलं त्यांनी लिहून घेतलं, आणि त्यातून जे काढून टाकायचं ते मीच काढून दिलं. ते चौकोन माझे आहेत. तू ज्याला शिव्या घालतेस, ती मी आहे. इथे येऊ नकोस. आलीस तरी, त्यांनी ‘मग?’ म्हटलं की गप्प राहा.”



“उत्तम,” कानसेन म्हणाले. त्यांच्या आवाजात तसूभरही राग नव्हता. उलट तो ओलावल्यासारखा वाटला, आणि तिला त्याचीच भीती वाटली. “फार प्रामाणिक. यावर वर्गात चर्चा व्हायला हवी.”

“सुरुवात तर सोनं आहे, मॅडम!” प्रसिद्धी विभागाची बाई म्हणाली. “बाकीचं आम्ही बघतो.”

त्या संध्याकाळी तिने वकीलिणीला फोन केला नाही. चित्रण बघ, एवढंच लिहून पाठवलं.

काही दिवसांनी चित्रफीत तिला दिसली ती रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहातल्या मोठ्या पडद्यावरच. संस्थेचा आणि रुग्णालयाचा करार झालेला होता. लिफ्टमधून उतरताना तिला स्वतःचा चेहरा दिसला. पुस्तकांच्या कपाटापुढे ती भिंतीएवढी मोठी होऊन बसली होती. ‘चौदा वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, मी काय काम करते. इथे विचारलं. आणि ऐकून घेतलं. म्हणून मी ही संस्था निवडली.’ मग संगीत, मग जहाजावरचा इंजिनियर, मग पुन्हा ती. खुर्च्यांवर बसलेले नातेवाईक वर बघत होते आणि त्यांच्या थकलेल्या चेहऱ्यांवर तिच्या दातांचा उजेड पडत होता.

ती धावतच वॉर्डात गेली. पाळी बदलायची वेळ होती. पूर्वी या वेळी इथे दोन-दोन सावल्या खाटांमधून फिरायच्या. आता वकीलीण एकटीच पडद्यावर बोट टेकवत उभी होती.

“आलीस? कधीपासून फोन लावतेय, उचलत का नाहीस?” वकीलिणीने पडदा बंद केला आणि तिचे दोन्ही हात धरले. “काय बोललीस गं! अर्ज भरलाय ना, संस्थेने गेल्या आठवड्यातच पाठवली मला ती फीत. बघता बघता रडले मी. राजीनामा दिला त्याच दिवशी. नि काल मुलाखत झाली!”

“काल?”

“अगं, तुझे ते कानसेन. साधू माणूस! म्हणाले, काम काय करता, ते सांगा. सासूबाई म्हणतात तोंड आवर, आणि हा माणूस म्हणतो, मग? मला कुणी ‘मग’ म्हटलंय का जन्मात?”

“काय सांगितलंस तू त्यांना?”

“सगळं. फाटकावरची भांडणं, पहारेकऱ्याची तोंडं, कुणाला रात्री बसू देते नि का. अर्धा वॉर्ड मी नियमाबाहेर चालवते म्हटलं! इतके हसले. टिपून पण घेतलं त्यांनी.” वकीलीण तिच्याकडे निरखून पाहू लागली. “का गं? तोंड का असं झालं तुझं? बरोबर बोलले ना मी?”

बोलायचं ते सगळं तिच्या जिभेवर होतं. त्याची एकदा उजळणीही झाली होती. पण वकीलिणीच्या चेहऱ्यावर जे उमललं होतं, ते तिला ओळखीचं होतं. जिन्यात बसून रडलेल्या एका बाईच्या चेहऱ्यावरचं.

“बरोबर बोललीस,” ती म्हणाली.

“हुश्श! जीव भांड्यात पडला. चल, पोरगी वाट बघतेय.” आणि वकीलीण पिशवी खांद्याला अडकवून निघाली. दाराशी थांबून तिने खिडकीजवळच्या खाटेकडे हनुवटीने खूण केली. “त्या बाबांना उठवू नकोस हं. मी बसवलंय.”

खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी झोपली होती. शेजारी स्टुलावर तिचा नवरा भिंतीला डोकं टेकून बसल्या जागी झोपी गेला होता. भेटीची वेळ कधीच संपली होती. त्या स्टुलासाठी चौकोन अजून आखायचा होता.

नव्या पाळीची सिस्टर दूर टेबलाशी पडद्यात डोकं घालून बसली होती. तिने मान वर केली नाही. कोटातली बाई वरच्या मजल्यावरची, एवढं तिला ठाऊक असावं.

ती खाटेच्या पायथ्याशी गेली. पांघरुणाखाली हात सरकवला. तळव्याखाली म्हातारीचं पाऊल, सुरकुतलेलं, चिमणीएवढं.

“कोण?” म्हातारी झोपेतच पुटपुटली. “सिस्टर का?”

“झोपा, आजी.”

पाय गरम होते. ते सांगण्यासाठी ती सवयीने शेजारी वळली. तिथे कुणी नव्हतं.