चादरीवरची सतरा जनावरं

कारंज्याच्या वेशीबाहेर, जिथं भाजीचे मळे संपतात आणि काळं रान सुरू होतं, तिथं मिशनचा बंगला होता. त्या बंगल्यात मी, जब्बार, अकरा वर्षं खानसामा होतो, आणि त्या अकरा वर्षांत मिठाशिवाय दुसरा मसाला मी हातात धरला नाही. बंगल्यातल्या मिसबाई दवाखाना चालवायच्या. त्यांचं म्हणणं असं, की शरीर हे देवाचं मंदिर आहे, आणि मिरची, चहा, तळण, मटण या गोष्टी त्या मंदिरात चपला घालून शिरतात. म्हणून त्या उकडलेला भोपळा आणि गव्हाचा दलिया खायच्या, आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायच्या. मोजून. पाहुण्याचेही मोजायच्या. एकदा अकोल्याचा एक साहेब सकाळी नाश्त्याला बसला, तो दिवेलागणीला उठला, आणि तेव्हाही त्याचं अर्धं ताट शिल्लक होतं.

हा भोपळा रंगरावच्या मळ्यातून यायचा. रंगराव म्हणजे उंचापुरा, मुका बैल परवडला इतका कमी बोलणारा माळी. त्याच्या घरात अंड्याचं टरफलही कधी शिरलेलं नव्हतं. मानमोडीच्या तापाची ती मोठी साथ होऊन चार वर्षं झाली असतील, त्या सुमाराला त्याची बायको हौसाबाई मुदतीच्या तापानं पडली. चाळीस दिवस ती दवाखान्यात होती. मिसबाईंनी तिला हातानं पेज पाजली आणि उठवून बसवलं. बरी झाल्यावर हौसाबाईनं आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला विचारून घेतला, पण घेतलाच.

रंगरावच्या भाऊबंदांनी बैठक बसवली. बाई मळ्यात राहू दे, म्हणाले, पण तिच्या हातचं खाल्लंस तर तूही आमच्या पंगतीतून उठलास. तेव्हापासून त्या एका झोपडीत दोन चुली पेटायला लागल्या, एकमेकींपासून सात हात दूर. या चुलीवर हौसाबाईचं वांग्याचं भरीत, ज्याच्या वासानं रस्त्यावरचे बैल थांबायचे. त्या चुलीवर रंगराव स्वतःच्या हातानं भाकरी थापायचा. त्या भाकरीबद्दल एवढंच सांगतो, की एकदा कुणी भाकरीनंच गाडीच्या चाकाची खीळ ठोकली, तर खीळ वाकली.

आठ महिने असे गेले. माणूस वाळून काठी झाला. शेवटी एक दिवस त्यानं जानराव पाद्र्यांना सांगितलं, "मलेबी घ्या तुमच्यात. पंगत कोन्तीतरी एक पाह्यजे मानसाले. अन् जिथं हौसा, तिथं मी."

जानराव पाद्री मूळचे केनवडचे, पाठीत वाकलेले, बोलायला गोड. त्यांनी येता रविवार ठरवला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग बुधवार आला.

बुधवारच्या सभेत जानराव पाद्र्यांनी ओसरीवर विलायतेहून आलेलं मोठं रंगीत चित्र टांगलं. पेत्र नावाचा एक दाढीवाला भक्त गच्चीवर गुडघे टेकून बसलेला, आणि आभाळातून चारी कोपरे धरून एक पांढरी चादर खाली येतेय. चादरीत जनावरं. डुक्कर, उंट, ससा, साप, बेडूक, घुबड, घोरपड, काय नव्हतं त्यात. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि डुकरापाशी आल्यावर तौबा करून नजर वळवली. पाद्री सांगत होते, "अन् मंग आभायातून आवाज आला, का ऊठ, हे मार अन् खा..."

नेमकं त्याच वेळी विंचू चावलेल्या एका बाईला गाडीत घालून आणलं. ती असं ओरडत होती की मळ्यातले बगळे उडाले. मिसबाई धावल्या, पाद्री कंदील घेऊन मागे धावले, सभा तिथंच मोडली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाद्री केनवडला निघून गेले ते रविवारी सकाळी येणार होते. चित्र मात्र भिंतीवर तसंच राहिलं, आणि त्याच्यासमोर रंगराव.

गुरुवारी तो भोपळा घेऊन स्वयंपाकघराशी आला. टोपली खाली ठेवेना. या पायावरून त्या पायावर होत राहिला.

"जब्बारभाई, एक गोस्ट इचारू? हासू नोको."

"इचार ना बाप्पा."

"बाप्तिस्म्याच्या दिवशी... थे सगळंच खा लागते काय?"

"सगळं म्हंजे?"

"चादरीवरचं. सतरा मोजले म्या."

इथं मी काय बोलायला हवं होतं, ते मलाही कळत होतं. पण अकरा वर्षं उकडलेला भोपळा शिजवणाऱ्या माणसाच्या तोंडाला काहीतरी चमचमीत लागतंच.

"सगळंच," मी म्हणालो. "पन एका दिवशी नाई. जानराव पाद्रीनं उंटापासून सुरवात केली होती."

"उंटापासून!"

"आठ दिवस चालला उंट. कुबडालेच तीन दिवस लागले. थेच तं पाठीत बसलं त्यायच्या, पाह्यलं नाई काय?"

रंगरावनं डोळे मिटले. पाद्र्यांची पाठ त्याला दिसत असावी.

"अन् डुक्कर?"

"थे मी रांधत नाई. मी मुसलमान मानूस. त्याच्यासाठी दुसरा आचारी येते."

"बायामानसालेबी खा लागते?"

"बायाले नऊ माफ," मी म्हणालो. "आठ खाल्ले का सुटल्या."

आता हा हसेल, शिवी देईल, टोपली माझ्या अंगावर ओतेल, असं मला वाटलं. त्यानं टोपली सावकाश खाली ठेवली.

"म्हंजे हौसानं आठ खाल्ले," तो म्हणाला. "इतकं सोसलं तिनं. अन् मले एका शब्दानं नाई बोलली. अन् मी तिकडं वांगे खाऊन राह्यलो."

आणि निघून गेला. माझ्या हातातला भोपळा सोलायचा तसाच राहिला.

शुक्रवारी परत आला. "एक अंडं दे. उकडलेलं. लहानापासून सुरू करतो." मिसबाईंच्या कोंबडीचं एक अंडं मी उकडून दिलं. ते हातात घेऊन तो बंगल्यामागच्या विहिरीभोवती फिरायला लागला. मी फेऱ्या मोजल्या. एकशेचाळीसपर्यंत मोजल्या, मग माझीच मान दुखायला लागली. प्रत्येक फेरीत अंडं तोंडापर्यंत जायचं आणि परत खाली यायचं. शेवटी तो मळ्यात गेला आणि वांग्याच्या ओळीत बोटभर खड्डा करून त्यानं ते पुरलं. त्या ओळीला पुढच्या साली पांढरी वांगी लागली, अंड्याएवढी, आणि कापली की आत पिवळी. मी स्वतः शिजवली आहेत.

पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. रात्री जेवण गेलं नाही, सकाळी नमाजात रकअत चुकली. शनिवारी मिसबाईंचा दलिया उतू जाऊ दिला आणि थेट मळ्यात गेलो, खरं काय ते सांगून टाकायला.

हौसाबाई एकटीच कोथिंबिरीच्या वाफ्यात उभी होती. वाफा नव्हताच तो, तळं झालं होतं.

"पाहा जब्बारभाई," ती म्हणाली. "एकाच वाफ्याले तीन डाव पानी देलं त्यायनं. बुधवारपासून बूड टेकवलं नाई. झोपेतून उठून फिरते, मोजते, 'सतरा, सतरा' करते. माह्याकडं पाह्यते तं डोयात पानी. काय हो बोलले काय तुमाले काई?"

मी घसा खाकरला. "हौसाबाई, गोस्ट अशी हाये..."

"त्यायच्या मनात नसीन तं नाई म्हना लागते ना सीधं," ती मधेच म्हणाली. "माह्यासाठी म्हनून नोको. म्या ठरवलं हाये. उद्या ते आले नाई, तं मी धनजले जातो मायकडं. एका छपराखाली दोन चुली आता नाई पाहवत मले. आठ महिने झाले, जब्बारभाई. मी भाकर टाकतो अन् ते पाठ करून बसतेत, वास नाई याव म्हनून."

हे ऐकल्यावर खरं आधी रंगरावलाच सांगायला हवं, असं मला वाटलं. माझ्या थट्टेपायी एक बाई घर सोडून निघाली होती. मी एवढंच विचारलं, "रंगराव कुठं हाये?"

"पोतं घेऊन नाल्याकडं गेले. काहून, थे देवाले मालूम."

मी नाल्याच्या काठानं संध्याकाळपर्यंत हिंडलो. दोन चपला झिजल्या, पैकी एक माझी नव्हती. रंगराव सापडला नाही.

रविवारी पाद्री केनवडहून आले. विहिरीजवळ सगळी मंडळी जमली. ओसरीवर पंगत मांडली होती. मिसबाईंच्या हुकमानं भोपळा, बिनतिखटाचं वरण आणि दलिया. हौसाबाई खांबाला टेकून रस्त्याकडे पाहत होती. तिच्या पायाशी एक गाठोडं होतं. ते कशाचं, हे मला एकट्याला माहीत होतं. मी पळी हातात घेऊन उभा राहायचो, बसायचो, पुन्हा उभा राहायचो.

"जब्बार, तुम्हाला जंत झाले आहेत काय?" मिसबाईंनी विचारलं.

ऊन ओसरीच्या तिसऱ्या फरशीवर आलं. हौसाबाईनं वाकून गाठोडं उचललं. आणि तेव्हा रंगराव फाटकातून आत आला, गुडघ्यापर्यंत चिखल, दोन्ही हात ओरबाडलेले, खांद्यावर पोतं. पोतं हलत होतं.

त्यानं ते पाद्र्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"घ्या," तो म्हणाला. आयुष्यात तो एवढं सलग कधी बोलला नसेल. "सतरातलं एक आनलं. बाकीचे सोळा कुठं भेटतीन मले मालूम नाई, उंट तं कारंज्यात कोनापाशीच नाई. पन मी खातो. आजपासून सुरू करतो. फकस्त एक मागनं हाये पाद्रीबावा. पह्यला घास हौसाच्या हातचा घेऊ द्या. मंग हे खातो."

पोत्याचं तोंड सुटलं आणि चांगली दोन हात लांब घोरपड बाहेर आली. मंडळी बाकांवर चढली. घोरपड भोपळ्याच्या पातेल्यात एक पाय बुडवून, त्याची चव आवडली नाही असा चेहरा करून, खांबावरून सरसर छपरात गेली आणि आढ्याला चिकटून बसली.

"सोळा कशाचे?" हौसाबाईनं विचारलं. "काय बोलून राह्यले तुमी?"

"आता काहून लपवतं वं? तू आठ खाल्ले ना."

"काय खाल्लं म्या आठ?"

रंगरावनं भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. पाद्र्यांनी चित्राकडे पाहिलं, रंगरावकडे पाहिलं, आणि मटकन ओसरीच्या पायरीवर बसले.

"अरे बाप्पा," ते म्हणाले. "थो भक्त तुह्यासारखाच होता गा. बाटलेलं कधी तोंडात घेतलं नाई म्हने. त्याच्या दारात दुसऱ्या जातीचे मानसं येनार होते, अन् हा त्यायच्या संगं जेवाले बसनार नव्हता. म्हनून देवानं थे चादर दाखवली. जनावरं नाई रे थे. आपन ज्यायच्या हातचं खात नाई, थे मानसं होत."

वर घोरपड तेवढी हलली.

"म्हंजे," रंगराव हळूच म्हणाला, "थे चित्र माह्यावरच काढलं."

"आपल्या साऱ्यायवर."

"मंग वांगं चालते?"

"वांगं चालते. बकरं चालते. नाई खाल्लं तं तेबी चालते. भाजी खानारानं मटन खानाराले नाव ठेवू नाई, अन् मटन खानारानं भाजी खानाराले हासू नाई. बस्स."

"परंतु मिरची..." मिसबाई म्हणाल्या.

"मिरचीबद्दल शास्त्रात काई नाई, मिसबाई."

मिसबाईंनी ओठ आवळले. मग त्यांनी रंगरावला विचारलं, "हे सर्व तुम्हाला कोणी सांगितले?"

रंगरावनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. "कोनी नाई," तो म्हणाला. "चित्र पाहून माह्याच मनानं घेतलं."

त्यानं शिवी दिली असती तर मी गप्प राहिलो असतो. पळी खाली ठेवून मी पुढं आलो आणि उंटापासून सगळं सांगितलं. पाद्र्यांनी नकळत आपल्या पाठीवर हात फिरवला.

"उंट तुमीच खाल्ला असीन जब्बारभाई," हौसाबाई म्हणाली. "म्हनून तं इतकी लंबी जीभ." पण बोलता बोलता तिनं गाठोड्याची गाठ सोडली होती. धनजच्या वाटेसाठी बांधलेली भाकर होती आत, भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ती पंगतीत बसली, भाकर मोडली आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"पह्यले पाण्यात उतरा, मंग जेवा, असा रिवाज हाये," कोणीतरी म्हणालं.

"बसू द्या त्याले," पाद्री म्हणाले. "विहीर कुठं पयून चालली?"

रंगराव बसला. बुधवारपासून पहिल्यांदाच बसला. तिनं घास केला, त्यानं तो तिच्या हातून घेतला आणि चावायला लागला. मिसबाई सवयीनं मोजायला लागल्या. "तीस, एकतीस, बत्तीस. आता गिळा."

तो गिळेना. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ठेच्याचं असेल असं मी मिसबाईंना सांगितलं. त्या मोजत राहिल्या. साठ झाले, शंभर झाले. आढ्यावरची घोरपड मान वाकवून पाहत होती. दोनशेच्या पुढं कुठंतरी मिसबाईंचा आवाज बसला आणि त्या मोजायच्या थांबल्या. तो मात्र चावतच होता, आठ महिन्यांचा तो एक घास, आणि हौसाबाई दुसरा घास हातात धरून वाट पाहत होती.