तांबवेकरांची इस्टेट

गाडीच्या मागच्या सीटवर तिघं जण बसलेले होते आणि ते व्यवहारात धरलेले होते.

"यांना आधी उतरवा," मी बंगल्याच्या माळ्याला म्हणालो.

"उतरत न्हाईत," तो म्हणाला. "पर तरास काय न्हाई त्यांचा. खात न्हाईत, पीत न्हाईत. गाडी हितं लावली तवापास्नं बसूनच हैत."

बंगला पाचगणीच्या अलीकडे होता. मालकाची नातवंडं परदेशात होती आणि विक्रीचे सगळे अधिकार त्यांनी या माळ्याला दिलेले होते, यावरून त्या नातवंडांची अक्कल कळते. गाडी १९५४ सालची इंग्लिश इस्टेट, म्हणजे पुढून मोटार आणि मागून लाकडी चौकटीचं, दोन दारांचं कपाट. कंपनीचं नाव मी सांगत नाही. नावं सांगत फिरणाऱ्या माणसांना मी जुन्या गाड्यांच्या रॅलीत पाहिलेलं आहे. डोक्यावर चपटी टोपी घालून ते बॉनेटशेजारी उभे असतात आणि कुणी विचारलं नाही तरी उत्तर देतात.

मी दातांचा डॉक्टर आहे. साताऱ्यात ज्यांना प्रतिष्ठित म्हणतात त्या बहुतेकांच्या दाढा मला माहीत आहेत. सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडात बघून पोट भरलं की लोकांबद्दल आदर उरत नाही. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या हाडांच्या डॉक्टरने रणगाड्याएवढी काळी गाडी घेतली आणि तिला हार घालून पेढे वाटले. मी पेढा घेतला आणि ठरवलं, की आपण असं काहीतरी घ्यायचं जे या माणसाला कळणारसुद्धा नाही.

मागचे तिघं धुळीने भरलेले होते, पण गाडीही भरलेली होती. वृद्ध गृहस्थांनी बंद गळ्याचा कोट घातला होता आणि दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवले होते. त्यांच्या शेजारी जरीकाठी साडीतल्या बाई, मांडीवर वेताची टोपली. पलीकडच्या खिडकीशी तिशीची मुलगी. तिघंही सरळ समोर बघत होते. उशीर केलेल्या माणसाची वाट बघताना होतात तसे त्यांचे चेहरे झाले होते. नोंदणीच्या जुन्या पुस्तकात आसनांपुढे 'चालक अधिक तीन' असं लिहिलेलं होतं. कागदपत्रं चोख होती. मी सही केली.

इसाक बागवानचं गॅरेज पोवई नाक्याच्या मागे आहे. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, पण इंग्लिश कार्बोरेटर त्याचं ऐकतो. अशा अन्यायांची मला सवय आहे.

"डॉक्टर, तुम्ही पण डेंटिंगवाले, आम्ही पण डेंटिंगवाले," तो म्हणाला.

मी हसलो नाही. त्याने मागच्या काचेला तोंड लावून आत बघितलं.

"फॅमिली आहे."

"गाडीबरोबर आली."

"मग मागच्या सीटचं काम शेवटी घेऊ," इसाक म्हणाला. "उगीच उठवायला नको."

इंजिनाला अडीच महिने लागले. सुटे भाग इंग्लंडहून भुशात गुंडाळून यायचे. ज्या देशाने आपल्याला इतकं पिळलं तो वॉशर मात्र मऊ भुशात ठेवून पाठवतो, हे मला आवडायचं. मग इसाकने ब्रेक केले, डायनामो भरून घेतला, सडलेला पत्रा कापून नवा जोडला. मी रोज दवाखाना आटोपून जायचो आणि स्टुलावर बसून चुका काढायचो. मागचे तिघं हलत नव्हते. फक्त त्यांच्यावरची धूळ कमी होत गेली.

मागच्या खिडकीचं रबर बदललं, हँडलला तेल दिलं आणि इसाकने काच खाली घेतली. काच अर्धी उतरली तेव्हा वृद्ध गृहस्थ बोलले.

"शिवराम, उशीर झाला."

"मी शिवराम नाही," मी म्हणालो. "मी डॉक्टर यशोधन कारखानीस. ही गाडी माझी आहे."

ते पत्नीकडे वळले. "बराच बोलतो."

"नवे सगळे बोलतात," बाई म्हणाल्या.

त्यांची माहिती मी काढून घेतली. ते तांबवेकर. गृहस्थ रावसाहेब, बाई बाईसाहेब आणि मुलगी इंदुमती. पठारावर चहाचं आमंत्रण होतं आणि चालक वाटेत उतरला तो परत आला नाही. रावसाहेबांनी आपल्या संस्थानाचा उल्लेख तीनदा केला. मी घरी येऊन जुना नकाशा काढला. नकाशावर तांबवे नावाचं संस्थान नव्हतं. असलंच तर एक तळं, दोन टेकड्या आणि एक हत्ती, तोही उधार आणलेला. अशा माणसांपुढे मी स्वतःची ओळख करून देत बसलो याचा मला राग आला.

शरयू, माझी बायको, एका दुपारी गॅरेजवर माझा डबा घेऊन आली. शरयूला गाड्यांतलं काही कळत नाही. तिला कशातलं कळतं हे विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती मागच्या खिडकीशी वाकून बोलत उभी राहिली. माझी पोळी गार झाली.

"अहो, किती सभ्य माणसं आहेत," ती म्हणाली.

"सत्तर वर्षं दुसऱ्याच्या गाडीत बसून राहणाऱ्यांना सभ्य म्हणत नाहीत."

"त्यांनी मला विचारलं, मला काय आवडतं म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"आठवेना," शरयू म्हणाली. "उद्या सांगते म्हटलं."

ती दुसऱ्या दिवशी आली आणि तिसऱ्याही. थर्मासमधून चहा आणायची. मागच्या सीटच्या स्प्रिंगा बदलायच्या वेळी इसाकने कुणालाच उठवलं नाही. एक बाजू उचलायची, स्प्रिंग सरकवायची, मग दुसरी. नव्या स्प्रिंगांवर तिघं दोन बोटं उंच झाले आणि चहा पिऊ लागले. बाईसाहेब थोड्या सरकल्या, त्यांनी शेजारची जागा हाताने झटकली आणि म्हणाल्या, "ये गं."

शरयू आत जाऊन बसली. नोंदणीच्या पुस्तकात मी पुन्हा बघितलं. 'चालक अधिक चार' असं लिहिलेलं होतं, शाई जुनीच होती.

लाकडाचं काम मी स्वतः करायला घेतलं, कारण लाकूड कुणाच्याही हाती द्यायचं नसतं. घासून, पुसून मी व्हार्निशचे सहा हात दिले. रावसाहेब आतून काठीच्या टोकाने काचेवर टकटक करायचे.

"तिथे राहिलं."

मी बघायचो. राहिलेलं असायचं. एखाद्या मूर्खाचं म्हणणं बरोबर निघालं तर ते मी माफ करू शकत नाही. मी तिथे पुन्हा घासायचो.

सगळ्यात शेवटी दारांची कुलपं राहिली होती. ती बसवल्यावर माझ्या बाजूचं दार आतून उघडेना. इसाकने ते तीन वेळा खोललं. खटका उत्तम होता. रावसाहेब "उतर" म्हणाले की दार उघडायचं, एरवी नाही.

"दार बरोबर आहे," इसाक म्हणाला. "तू घाई करतोस."

"तू मला तू म्हणालास?"

"मग काय म्हणू?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता. तो पाना हातात धरून खरोखर उत्तराची वाट बघत होता.

गाडी तयार झाली त्या दिवशी मी ती सगळ्यात आधी दवाखान्यासमोर नेली. हाडांचा डॉक्टर त्याच्या पायरीवर उभा होता. त्याने गाडी बघितली, मागच्या चौघांना वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे बघितलं नाही. चला, एवढं तरी साधलं, असं मला क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, की त्याने मला मुद्दाम टाळलं नव्हतं. बंद दुकानाच्या फळीवरून नजर जाते तशी त्याची नजर माझ्यावरून गेली होती.

मी "उतर" ऐकायची वाट बघत बसलो. दवाखान्यातून नलिनी बाहेर आली. ती अकरा वर्षं माझ्याकडे नावं लिहून घेते आणि अजून 'दंत' चुकीचं लिहिते.

"गाडी पुढे घे," ती म्हणाली. "पेशंटला चढायला जागा नाही."

"नलिनी, मी आत येतोय."

"डॉक्टर आत आहेत. तुला दात दाखवायचा असला तर संध्याकाळी ये, मी मध्ये घुसवते."

"कोण डॉक्टर?"

"कारखानीस डॉक्टर," नलिनी म्हणाली आणि तिला माझी दया आली. हे मला चेहऱ्यावरून कळतं, मी बऱ्याच लोकांपुढे तसा चेहरा केलेला आहे.

आतून ड्रिल सुरू झाल्याचा आवाज आला. हात चांगला होता. थांबून, हलकेच दाबून, पुन्हा थांबून. मीही असंच करतो. मी गाडी पुढे घेतली.

त्यानंतर मी घरी गेलो नाही, कारण घरी जायला उतरावं लागतं. तांबवेकर गाडीत राहायचे, आणि गाडी सावलीत ठेवायची एवढंच माझं काम होतं. शरयू रात्री घरी जायची आणि सकाळी न्हाऊन, गजरा माळून यायची. घरात कोण असतं असं मी तिला विचारलं.

"डॉक्टर असतात ना," ती म्हणाली. "हल्ली जेवताना बोलतात. काल भाजीला चांगली म्हणाले." मग तिने विचारलं, "तू जेवलास का?"

तिने मला आयुष्यात कधी एकेरी हाक मारली नव्हती. पण त्या प्रश्नाला मला राग आला नाही, कारण मी जेवलो नव्हतो. तिने पुडक्यातून दोन पोळ्या काढून पुढे दिल्या. लोणचंही होतं. ती लोणचं घालते हे मला माहीत होतं. ते चांगलं असतं हे माहीत नव्हतं.

रविवारी पठारावर चहाला निघायचं ठरलं. चौघं नीट बसले. इंदुमतीबाईंना पाय लांब करायला जागा हवी होती म्हणून माझी सीट एक खाच पुढे घ्यावी लागली. ती शरयूने मागून ढकलली. वाई मागे पडल्यावर बाईसाहेबांच्या टोपलीसाठी आणखी एक खाच. पसरणीच्या घाटात प्रत्येक वळणाला कुणाला ना कुणाला थोडी जागा लागत होती, आणि मागच्या माणसांना जागा हवी असली की ती पुढूनच काढतात. चौथ्या वळणाला गुडघे डॅशबोर्डला टेकले. सातव्याला स्टिअरिंग बरगड्यांत रुतलं आणि मी श्वास वळणांच्या हिशोबाने घेऊ लागलो. इंजिन मात्र सुरेख चाललं होतं. अशा चढावर ही गाडी तापते असं रॅलीतले टोपीवाले सांगतात. ती तापली नाही. मी एवढी मेहनत उगीच घेतली नव्हती.

शरयू मागे हसली. कशावरून ते कळलं नाही. तीस वर्षांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं, आणि आरशात बघायला मान वळत नव्हती.

"जरा सांभाळून, शिवराम," रावसाहेब म्हणाले. "बायका आहेत गाडीत."

"हो, साहेब," मी म्हणालो. बरगड्यांवर स्टिअरिंग असताना याहून लांब वाक्य बोलता येत नाही, एवढंच त्याचं कारण होतं.

पठारावर वारा होता. आणखी अकरा गाड्या ओळीने लावलेल्या होत्या, सगळ्या जुन्या, सगळ्या लखलखीत. पलीकडे पांढऱ्या कापडाची लांब टेबलं मांडलेली होती आणि शंभरेक माणसं कपबशा हातात धरून उभी होती. मी गाडी ओळीत लावली.

"उतर."

दार उघडलं. मी मागे जाऊन कपाटाची दोन्ही दारं उघडली, टोपल्या काढल्या, इंदुमतीबाईंची शाल काढली. तिघं चालू लागले. शरयू साडीचा पदर नीट करत मागे राहिली होती. बोलायचं तर आत्ताच, असं मला वाटलं.

"शरयू," मी म्हणालो, "घरी जाऊ या."

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. कुणी अनोळखी माणूस आपलं नाव घेतो तेव्हा जेवढं नवल वाटतं तेवढंच होतं.

"तुला माझं नाव कुणी सांगितलं?"

"मी तुझा नवरा आहे."

ती थोडं हसली. आमच्या दवाखान्यात भूल उतरताना माणसं काहीबाही बोलतात, त्यांच्याकडे बघून नलिनी हसते तसं.

"घाटात त्रास झाला असेल तुला," ती म्हणाली. "दमलायस. तिकडे झाडाखाली थांब, सावली आहे. निघताना हाक मारतील."

ती टेबलांकडे गेली. कुणीतरी तिच्या हातात कप दिला.

मी झाडाकडे गेलो. सिल्व्हर ओकच्या बुंध्याशी सतरंजी अंथरलेली होती आणि अकरा जण गोल करून पत्ते खेळत होते. एकाच्या खिशाला चार पेनं होती. एक जण पत्ता टाकण्याआधी घसा साफ करायचा, वर्गात शिकवायला सुरुवात करताना करतात तसा. खेळ अगदी सुमार चालला होता. त्यांच्यात बसण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती. गोलात एक जागा मोकळी होती आणि तिच्यापुढे तेरा पत्ते वाटून उपडे ठेवलेले होते. चार पेनांच्या माणसाने वर न बघता आपला गुडघा थोडा आत घेतला.