बदकवाली

"उचल ना, चावत नाही ती," निबिया म्हणाली.

झुल्माने हात लगेच पुढे केला नाही. शेजारणीच्या कपाटात चिनी मातीची बदकवाली पोर उभी होती. काखेत बदक, गालांवर लाली. कित्येक वर्षांपूर्वी मोंतेविदेओच्या रविवारच्या जुन्या बाजारात दोघींची नजर तिच्यावर एकदमच पडली होती. हात मात्र निबियाचा आधी पोचला. तेव्हापासून झुल्मा दर रविवारी इथे ‘माते’ नावाच्या पाल्याचा काढा प्यायला यायची आणि पोरीकडे बघून जळायची. तिच्या स्वतःच्या घरी निळ्या काठाच्या बशा, फुलदाण्या, नाचणारी जोडपी काय कमी होती? पण बदकवाली नव्हती, म्हणजे काहीच नव्हतं.

आता निबिया लेकीकडे सालतोला कायमची निघाली होती. "सगळं नेता येणार नाही. तुला हवी ती एक वस्तू घे, आठवण म्हणून."

"हवी ती?"

"नाटकं करू नकोस. तू काय घेणार ते सगळ्या गल्लीला माहीत आहे."

झुल्माने पोर उचलली आणि बाजारातल्या सवयीने नखाने टिचकी मारली. छान खणखणीत आवाज यायला हवा होता. आला तो ठप्प.

झुल्माला इतका आनंद झाला की लपवता येईना. "फुटकी आहे ही! अगं, इतकी वर्षं मिरवलीस ती फुटकी?" तिने पोर उजेडात फिरवली. बदकाच्या मानेवर मागच्या बाजूने बारीक गुलाबी रेघ होती.

तो गुलाबी रंग तिच्या चांगला ओळखीचा होता. तिचा नवरा एल्बिओ दातांच्या कवळ्या करायचा. मरेपर्यंत त्याच्या नखांतून तो हिरड्यांचा रंग गेला नव्हता.

"हे एल्बिओचं काम आहे."

निबियाने भोपळ्याच्या पेल्यातल्या ‘माते’च्या पाल्यावर गरम पाणी ओतलं. "पहिल्याच वर्षी पडली माझ्या हातून. त्याला म्हटलं, झुल्माला कळलं तर गल्लीभर दवंडी पिटेल. हसला नुसता. मग संध्याकाळी इथे बसून जोडून दिली."

"इथे बसून? मला सांगायचा, कवळ्यांचं काम तुंबलंय!"

"दुसरं काही नव्हतं गं."

"असतं तरी तू थोडीच सांगणार होतीस?" झुल्माचा आवाज चढला. "माझ्या साखरदाणीचं झाकण दोन तुकडे होऊन तसंच पडलंय. मेला रोज म्हणायचा, उद्या करतो."

निबियाने पेला बाजूला ठेवला. "नको असेल तर राहू दे ती. दुसरं काही घे."

"राहू दे? तुझ्यापाशी?" झुल्माने पोर छातीशी धरली. "मुळीच नाही."

घरी येऊन तिने बदकवालीला फुटक्या झाकणाशेजारी ठेवलं. तो लाल गालांचा चेहरा तिला बघवेना. तिने पोरीचं तोंड भिंतीकडे केलं. आता फक्त पाठ दिसत होती, आणि बदकाच्या मानेवरची ती गुलाबी रेघ.

झुल्माने खुर्ची ओढली आणि समोर बसली.