घडीबाईंनी बाद केलेलं सामान

"आई, काल तुम्ही याच्यातलं काय काय काढलंत?"

सुनेचा आवाज चढला नव्हता, हेच जास्त वाईट होतं. घडीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. कॉम्प्युटरवरची अक्षरं भोपळ्याएवढी झाली होती, माऊस जागचा हलत नव्हता आणि प्रिंटर तर ओळखच दाखवेना.

"जे कुणाला लागत नाही ते. तुझं पत्रं लिहायचं ठेवलं, हिशेबाचं ठेवलं, गाणीसुद्धा ठेवली. बाकीची नावं कुणी उघडताना मी कधी पाहिलीच नाहीत. बाद केली."

रुग्णालयाच्या चादरींच्या खोलीत त्यांचा जन्म गेला होता. तिथली रीतच तशी. वर्षभर ज्या कपड्याला एकाही वॉर्डानं मागणी केली नाही तो बाद, त्याची फडकी करायची. त्या रीतीवर खोली आरशासारखी लख्ख राहिली होती, आणि बाईंच्या घड्या बघून सगळे त्यांना घडीबाईच म्हणू लागले होते. आता तिथे कॉम्प्युटर येणार होता. मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, की तोंडी परीक्षा जो पास होईल त्याच्या हाती खोली. नाहीतर बाईंनी तळघरात धुलाईच्या यंत्रांपाशी जायचं, आणि काल आलेल्या कुणीतरी येऊन त्यांच्या फळ्या लावायच्या. नुसत्या कल्पनेनंच त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. म्हणून त्या सुनेच्या कॉम्प्युटरवर सरावाला बसू लागल्या होत्या.

"या वयात कशाला डोकेफोड, आई?" पेपरामागून मुलगा म्हणाला.

"तू गप बस. तुला स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

सुनेनं फोन हातात घेतला. "दुकानातल्या माणसाला बोलावते."

"कुणाला बोलवायचं नाही. मी काढलं, मीच घालणार. तू नुसतं सांग, आणि हात मागे ठेव."

सुनेला उद्या ऑफिसात काम द्यायचं होतं. पण सासूबाई एकदा हट्टाला पेटल्या की ब्रह्मदेव आला तरी ऐकायच्या नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिनं कपाटातून कॉम्प्युटरबरोबर आलेली सीडी काढून दिली आणि हात पाठीमागे बांधले.

सगळा रविवार त्यात गेला. माऊसचं घातलं तेव्हा बाण हलला, पडद्याचं घातलं तेव्हा अक्षरं ताळ्यावर आली.

"म्हणजे मी वर पत्र लिहिते, तेव्हा ही सगळी खाली राबत असतात?"

"हो ना. ते सिस्टीम सॉफ्टवेअर. त्यातली सगळ्यांत मोठी ऑपरेटिंग सिस्टीम, ती सगळ्यांना कामं वाटून देते. पत्राचं, हिशेबाचं, ज्यांना आपण मुद्दाम उघडतो, ती ॲप्लिकेशन."

"आणि ते ढालीचं चित्र असलेलं?"

"ते व्हायरस अडवणारं. अशी राखण, साफसफाई करणारी ती युटिलिटी."

"अगं बाई. मी सगळ्यांत आधी तेच काढलं. पहारेकऱ्याला हाकलून घर उघडं टाकलं म्हणायचं."

दोघी हसत सुटल्या. हसता हसता बाईंना वाईटही वाटलं. कुणी हाक मारत नाही म्हणून आजवर काय काय फाडून टाकलं असेल, देव जाणे.

परीक्षेत साहेबांनी पहिल्याच प्रश्नाला सिस्टीम सॉफ्टवेअरची व्याख्या विचारली, आणि घोकून ठेवलेली व्याख्या ऐनवेळी पळाली.

"बरं, या तुम्ही," साहेब म्हणाले.

बाई उठल्या नाहीत. "मला येतंय साहेब. शब्द गेलेत, समज गेलेली नाही. जरा ऐकून घ्या." आणि त्यांनी सुनेच्या कॉम्प्युटरची कशी वाट लावली ते काहीही न लपवता सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "मग चादरींची नोंद ठेवणारं ते कुठलं?"

"ॲप्लिकेशन."

"ते काढलं तर कॉम्प्युटर बंद पडेल?"

"नाही. नोंद तेवढी थांबेल. खालचं काढलं तर मात्र सगळंच बसेल."

साहेबांनी आणखी चार प्रश्न उलटसुलट विचारून पाहिले आणि बाईंना पास केलं.

पुढच्या आठवड्यात खोलीत कॉम्प्युटर बसला. बसवणारा कारकून म्हणाला, "बाई, आता पासवर्ड ठेवा. दुसऱ्याला सुचणार नाही आणि तुम्ही विसरणार नाही असा. बहुतेक जण मुलांची नावं ठेवतात."

"माझ्या मुलाचं नाव सगळ्या रुग्णालयाला पाठ आहे. तू तोंड तिकडे कर."

त्यानं हसत पाठ फिरवली.

बाईंनी आपलं माहेरचं नाव लिहायला घेतलं. लग्नात ते बदललं होतं. नंतर एकटी आई तेवढी त्या नावानं हाक मारायची, आणि तिला जाऊनही आता वर्षं लोटली होती. ओठांतल्या ओठांत म्हणत, एकेक अक्षर शोधत त्यांनी ते पुरं केलं. पडद्यावर नुसते ठिपके उमटले.

खात्रीसाठी पुन्हा एकदा लिहा, असं यंत्रानं सांगितलं. बाईंनी पुन्हा लिहिलं.